चार डिस्कच्या नॅसला मागे कोणती पोर्ट द्यावीत?

मागची पट्टी

आम्ही पुण्यात काही जण मिळून चार डिस्कचं नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, तयार करतोय. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आहे: लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे, आर्किटेक्ट, सीएंची ऑफिसं, छोटी हॉस्पिटलं. प्रोसेसर ठरला, रॅम ठरली, डब्याची मापं ठरली. मागच्या पट्टीवर कोणती पोर्ट द्यायची यावर मात्र आमच्यातच एकमत नाही. पत्र्याची डाय एकदा बनायला गेली की बदल महागात पडतो. म्हणून माझं मत मांडतो, पटलं नाही तर कारणासकट खोडा.

माझं म्हणणं: १० गिगाबिटचं तांब्याच्या तारेचं एक नेटवर्क पोर्ट, २.५ गिगाबिटचं एक, मागे दोन यूएसबी, पुढे एक यूएसबी. एचडीएमआय नाही, ईसाटा (बाहेरची डिस्क जोडायचं पोर्ट) नाही, थंडरबोल्ट (यूएसबी-सीसारखं दिसणारं वेगवान पोर्ट) नाही, एसडी कार्डाची खाच नाही.

पहिलं कारण लेन, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीच्या चिपा यांच्यातले डेटाचे रस्ते. आम्ही ठरवलेल्या इंटेलच्या एन१०० प्रोसेसरला पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या एकूण ९ लेन आहेत, आणि एका लेनमधून सेकंदाला साधारण ९८५ मेगाबाइट जातात. चार डिस्क सांभाळणाऱ्या साटा कंट्रोलरला २ लेन, १० गिगाबिटच्या चिपला २, २.५ च्या चिपला १, आणि दोन एनव्हीएमईला (न फिरणाऱ्या वेगवान डिस्क) दोन-दोन. नऊ संपल्या. यानंतर वेगवान असं काहीही वाढवायचं तर आधीच्या कुणाचा तरी वाटा कापावा लागतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोर्ट दिलं की ते पुढची सात-आठ वर्षं सांभाळावं लागतं. ड्रायव्हर, प्रत्येक कर्नल अपडेटनंतरची चाचणी, "लावलं पण चालत नाही" म्हणून येणारे फोन, हे सगळं त्या पोर्टाबरोबर येतं. ईसाटाचंच पाहा. सिनॉलॉजी कंपनीच्या २०२२ च्या डीएस९२३+ या नॅसला जादा डिस्कचा डबा जोडायला ईसाटा होतं, २०२५ च्या डीएस९२५+ मध्ये त्या जागी यूएसबी-सी आलं. ज्यांनी जुना डबा घेतला होता त्यांनी तो नव्या मशीनला कुठे लावायचा?

आणि साधं १ गिगाबिट का नको, तर ते मानक १९९९ चं आहे आणि त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात. आजची एकटी ७२०० आरपीएमची डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर २५० ला पोचते. अशा चार डिस्क घ्यायला लावायच्या आणि दार एवढंसं ठेवायचं, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. १ गिगाबिटची दोन पोर्ट देऊन "दोन्ही जोडा, दुप्पट वेग" असं लिहिणाऱ्यांबद्दलही तेच म्हणेन. लिंक ॲग्रिगेशनमध्ये, म्हणजे अशा जोडलेल्या पोर्टांत, एका फाइलची एक कॉपी एकाच तारेवरून जाते. दुसरी तार दुसऱ्या माणसाच्या कामाला येते, तुमच्या नाही.

तारजोड

मी ऑफिसांत नेटवर्कच्या तारा ओढायचं काम करतो, त्यामुळे कागदावरच्या वेगापेक्षा भिंतीतली तार मला आधी दिसते. तुमची ती १० गिगाबिटची हौस भिंतीपाशी येऊन थांबणार आहे.

१० गिगाबिट १०० मीटरपर्यंत न्यायचं तर कॅट-६ए प्रतीची तार लागते. कॅट-६ वर साधारण ५५ मीटर धरा. आणि तुम्ही जी गिऱ्हाइकं सांगताय त्यांच्या भिंतींत काय आहे? कॅट-५ई. तीही पीओपीच्या आत, लाइटच्या वायरींसोबत एकाच पाइपातून गेलेली. मध्येच कुणीतरी तार तोडून पिळून टेप मारलेला असतो. भाड्याच्या जागेत मालक भिंत फोडू देत नाही. अशा तारेवर १० चा लिंक लागला तरी टिकत नाही, कधी पडतो कधी उठतो, आणि मग दोष नॅसवर येतो.

२.५ गिगाबिटचं मानक २०१६ मध्ये आलं तेच मुळी जुन्या तारा न बदलता वेग वाढावा म्हणून. कॅट-५ई वर १०० मीटर जातं आणि २८० मेगाबाइटच्या आसपास देतं. ५ पोर्टांचा २.५ चा बिनपंख्याचा स्विच आता सहज मिळतो. १० चा तांब्याचा स्विच घ्यायला जा, किंमत वेगळी, पंख्याचा आवाज वेगळा.

आणखी एक. तुमच्या एन१०० चा स्वतःचा आकडा ६ वॅटचा. तांब्याच्या १० गिगाबिटची चिप एकटी काही वॅट खाते आणि तेवढी तापते. मे महिन्यात नांदेडला, बंद काचेच्या कपाटात ठेवलेल्या डब्यात ही उष्णता कुठे जाणार ते आधी सांगा.

माझं मत: २.५ ची दोन पोर्ट द्या, वाचलेली एक लेन एनव्हीएमईला द्या, वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर घाला.

संकलनकक्ष

तारजोड, तुमचं भिंतीचं म्हणणं खरं आहे. पण स्टुडिओत नॅस आणि एडिटचं मशीन एकाच खोलीत असतात. मधली तार भिंतीतून जातच नाही. तीन मीटरची कॅट-६ए दुकानातून आणली की झालं.

आकडा देतो म्हणजे आम्ही १० का मागतो ते कळेल. यूएचडी, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटच्या एका प्रवाहाला सेकंदाला ७३७ मेगाबिट लागतात, म्हणजे ९२ मेगाबाइट. लग्नाच्या विधींना हल्ली तीन कॅमेरे तर असतातच. मल्टिकॅमला तिन्ही एकदम चालवायचे तर २७६ झाले. तुमचं २.५ चं पोर्ट तिथेच काठोकाठ भरलं, आणि अजून शेजारच्या टेबलावर बसलेल्या मुलाने अल्बमचे रॉ फोटो उघडलेलेच नाहीत. त्याने उघडले की माझी टाइमलाइन अडखळते. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असं चार कार्यक्रमांचं फुटेज एका सीझनमध्ये कितीतरी कुटुंबांचं असतं. प्रॉक्सी (हलक्या कॉपी) बनवून काम करा म्हणाल, तर प्रॉक्सी बनवायलाही मूळ फुटेज वाचावंच लागतं.

त्यामुळे १० हवंच. पण माझी मागणी त्यापुढची आहे. थंडरबोल्ट द्या. लॅपटॉपला नेटवर्कचं पोर्ट नसतं. एक तार लावली की डिस्क दिसायला हवी. युग्रीन कंपनीच्या सहा आणि आठ डिस्कच्या नॅसमध्ये दोन-दोन थंडरबोल्ट ४ आहेत, म्हणजे होऊ शकतं हे उघड आहे.

मागची पट्टी

संकलनकक्ष, होऊ शकतं, पण त्या मशीनमधला प्रोसेसर वेगळ्या वर्गातला आहे. एन१०० मध्ये थंडरबोल्ट नाही. वेगळा कंट्रोलर लावायचा तर चार लेन त्याला द्याव्या लागतील, म्हणजे दोन्ही एनव्हीएमई गेले. शिवाय थंडरबोल्टची पूर्ण वेगाची साधी तार मीटरभरसुद्धा लांब नसते. अॅक्टिव्ह तार घेतली तर दोन मीटर. म्हणजे चार फिरत्या डिस्कांचा डबा तुमच्या कानाशी, जिथे तुम्ही आवाज ऐकून मिक्स करता.

आणि लॅपटॉप नॅसला तारेने जोडला तरी ती डिस्क म्हणून दिसत नाही. थंडरबोल्टवरूनही आत नेटवर्कच चालतं. ड्रोबो कंपनीची दोन वेगळी मशीन होती, ५डी थेट जोडायला आणि ५एन नेटवर्कला. एकाच डब्यात दोन्ही स्वभाव बसवणं सोपं नसतं.

तुमच्या लॅपटॉपला १० गिगाबिटचा अडॅप्टर एकदाच घ्या. मॅक मिनीला २०१८ पासून १० चा पर्याय आहे, मॅक स्टुडिओत तर ते मुळातच येतं.

मार्चअखेर

सीएच्या ऑफिसात संगणकांचं सगळं मीच बघते, त्यामुळे या चर्चेत आमच्यासारख्यांची बाजू कुणी मांडत नाहीये हे लगेच लक्षात आलं. आमच्याकडे टॅलीचा डेटा, पीडीएफ आणि स्कॅन केलेली बिलं. १ गिगाबिटमध्येही कुणाची तक्रार नाही. १० की २.५ या वादाने आमचं काहीच अडत नाही.

आमचं अडतं यूएसबीवर. मागे दोन म्हणताय. पहिलं यूपीएसला जाणार. यूपीएस नुसता वीज देऊन भागत नाही, वीज गेली आणि बॅटरी संपत आली हे त्याने नॅसला कळवावं लागतं, तरच नॅस आपणहून नीट बंद होतो. ती खबर यूएसबीच्या तारेनेच येते. ३० सप्टेंबरच्या आधीच्या आठवड्यात, टॅक्स ऑडिटच्या गर्दीत, दिवसातून दोन-तीनदा वीज जाताना मी पाहिली आहे. घरगुती इन्व्हर्टर अशी खबर देत नाही, म्हणून आम्ही वेगळा यूपीएस घेतला. रेड ५ वर (डिस्कांवर डेटा वाटून ठेवायची पद्धत) लिहिता लिहिता वीज गेली तर पॅरिटी, म्हणजे गेलेली डिस्क परत उभी करायचा हिशोब, आणि डेटा यांचा मेळ बिघडतो, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

उरलं एक. त्यावर बॅकअपची डिस्क. आम्ही दोन डिस्क आलटून पालटून वापरतो, एक नॅसला आणि एक सरांच्या घरी. अदलाबदलीच्या दिवशी दोन्ही एकदम लावून तपासाव्या लागतात. म्हणजे मागे तीन हवीत. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची नॅस कुलूपबंद केली होती. त्या वेळी ज्यांची डिस्क काढून कपाटात ठेवलेली होती त्यांचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना वेगापेक्षा ही एक सोय जास्त वाचवणार आहे.

आणि पुढचं यूएसबी पोर्ट मला अजिबात नको. आर्टिकलशिपची मुलं येतात-जातात, क्लायंट बसलेले असतात. पुढे उघडं पोर्ट म्हणजे कुणीही पेन ड्राइव्ह लावणार. आमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट आहेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर जबाबदारी आमच्यावर येते, तुमच्यावर नाही.

संकलनकक्ष

मार्चअखेर ताई, पुढचं पोर्ट गेलं तर आमचं काम अडेल. रात्री दोनला लग्नावरून आल्यावर कार्ड रीडर लावायचा, बटण दाबायचं आणि झोपायला जायचं, यासाठीच तर आम्ही नॅस घेतो. मागे हात घालून, बारा तारांमध्ये चाचपडत कुणी कार्ड लावणार नाही. मग ते कार्ड तसंच बॅगेत राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला चुकून फॉरमॅट होतं. लग्न परत लावता येत नाही.

मार्चअखेर

तुमची अडचण कळते. मग ते पोर्ट कारखान्यातून बंद येऊ दे. ज्याला हवं तो ॲडमिनच्या पासवर्डने चालू करेल. आणि लावल्याबरोबर आपोआप कॉपी, ती फक्त आत येणारी. नॅसमधून बाहेर जाणारी कॉपी त्या पोर्टातून कधीच होऊ नये.

खारा वारा

मालवणकडून लिहितोय. १० की २.५ हा वाद तुम्ही तांब्याच्या तारेवरच घालताय, पण तांब्याच्या तारेचा खरा धोका कुणी बोललंच नाही. वीज.

मेच्या शेवटी वळवाचे पाऊस सुरू झाले की आमच्याकडे पोर्ट जळायला लागतात. केबलवाल्याने खांबावरून घरात तांब्याची तार आणलेली असते, ती छपरावरून राऊटरला, राऊटरमधून नॅसला. जवळपास कुठे वीज पडली की त्या तारेत दाब चढतो आणि रांगेतलं सगळं जातं. बघितलेलं सांगतो: राऊटरचं पोर्ट काळं पडलेलं, स्विच मेलेला, आणि नॅसचा मदरबोर्ड चालू पण नेटवर्कची चिप गेलेली. डिस्क शाबूत, पण डेटापर्यंत पोचायला रस्ताच नाही. नेटवर्कचं पोर्ट बोर्डवरच बसवलेलं असतं, ते बदलायचं म्हणजे बोर्डच बदलायचा.

म्हणून माझं मत, १० चं पोर्ट तांब्याचं न देता एसएफपी+ द्या, म्हणजे ज्यात हवं ते मोड्यूल बसवता येतं असं पोर्ट. त्यात फायबर लावता येतं आणि काचेतून वीज वाहत नाही. कमी तापतं, कमी वीज खातं, तारजोड यांचा उष्णतेचा मुद्दाही सुटतो. स्टुडिओवाल्यांना तीन मीटरची तयार डीएसी केबल (दोन्ही टोकांना मोड्यूल बसवलेली तांब्याची तार) चालेल. आणि जळालंच तर बऱ्याचदा मोड्यूल जळतं, ते काढून दुसरं लावता येतं.

जाता जाता: जी पोर्ट वापरात नाहीत त्यांना रबरी टोप्या द्या. खाऱ्या हवेत उघड्या यूएसबीचे पत्रे वर्षा-दोन वर्षांत गंजतात. याला लेन लागत नाही.

तारजोड

खारा वारा, विजेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के. तरीही औषध चुकीच्या जागी लावताय. इमारतीबाहेरून येणारी तार फायबर करायची, नॅसचं पोर्ट नाही. आता बऱ्याच ठिकाणी ब्रॉडबँड फायबरनेच घरापर्यंत येतं. जिथे येत नाही तिथे बाहेरच्या तारेवर मीडिया कन्व्हर्टरची (तांब्याच्या तारेला फायबर जोडणारा डबा) जोडी लावा, मध्ये दोन मीटर फायबर ठेवा. त्याने राऊटर, स्विच, नॅस सगळंच वाचतं. तुमच्या पद्धतीने फक्त नॅसचं एक पोर्ट वाचतं, आणि वीज पॉवर सप्लायमधून आली तर तेही नाही. अर्थिंग नीट नसेल तर फायबर काय करणार? कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागणं किती कठीण आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

दुसरी गोष्ट. एसएफपी+ ची बरीच पोर्ट १० आणि १ एवढंच बोलतात, २.५ त्यांना कळत नाही. आर्किटेक्टकडे २.५ चा स्विच असेल तर १० चं पोर्ट तिथे १ वर येऊन बसणार. तांब्याचं मोड्यूल लावतो म्हणाल तर ते भट्टीसारखं तापतं आणि पोच साधारण ३० मीटरची.

खारा वारा

मीडिया कन्व्हर्टर लावणारा तंत्रज्ञ प्रत्येक गावात असता तर मी हे लिहिलंच नसतं. जे डब्यातच असतं तेच लोक वापरतात. बाहेरून घ्या म्हटलेली गोष्ट इकडे घेतली जात नाही. मी एसएफपी+ वर ठाम आहे.

दवाखान्यातला

छोट्या हॉस्पिटलांची कामं करतो. एक्स-रे, सोनोग्राफीचे फोटो नॅसवर जातात. एचडीएमआय काढू नका, अशी कळकळीची विनंती.

प्रसंग नेहमीचा आहे. इंटरनेटवाला येतो, जुना राऊटर काढतो, नवा लावतो, जातो. नवीन राऊटर वेगळ्या पत्त्यांची मालिका देतो. ज्या नॅसला स्थिर आयपी पत्ता दिलेला होता तो आता कुणालाच सापडत नाही. दिवे हिरवे, डिस्कचा आवाज नेहमीसारखा, पण सोनोग्राफीचं मशीन म्हणतं "सर्व्हर मिळत नाही". डॉक्टर मला फोन करतात, आणि मी सत्तर किलोमीटरवर. स्क्रीन असती तर रिसेप्शनवरच्या सिस्टरला सांगितलं असतं: टीव्हीची केबल लाव, कीबोर्ड लाव, काय दिसतंय ते वाच. पाच मिनिटांचं काम. स्क्रीन नसली तर मला बस पकडावी लागते आणि तोवर पेशंट बाकावर बसलेले.

आणि लेनचं कारण इथे लागू नाही. एन१०० मध्ये ग्राफिक्स आहेच, एचडीएमआयला पीसीआयची एकही लेन जात नाही. लागतो तो फक्त कनेक्टर आणि बोर्डवर थोडी जागा.

मागची पट्टी

एचडीएमआयच्या विरोधात माझं कारण लेन नव्हतं, सांभाळणं होतं. ते पोर्ट दिसलं की लोक टीव्हीला लावून सिनेमे पाहणार, मग आवाज येत नाही, ४के येत नाही, सबटायटल मराठीत दिसत नाही, म्हणून फोन. पण दवाखान्यातला यांचा प्रसंग वेगळा आहे आणि त्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. तेव्हा एचडीएमआय देतो, पण त्यावर फक्त काळा पडदा आणि अक्षरं: आयपी पत्ता, डिस्कची स्थिती, नेटवर्क मूळपदावर आणायचा पर्याय. त्याला कीबोर्ड आणि पासवर्ड लागेल. व्हिडिओ त्यावर कधीच चालणार नाही, आणि माहितीपत्रकात तसं ठळक लिहू.

मार्चअखेर, मागची यूएसबी तीन करतो. पुढचं पोर्ट बंद अवस्थेत येईल आणि कॉपी एकाच दिशेने, हेही लिहून घेतलं.

१० च्या बाबतीत मी हटत नाही. तांब्याचंच. पण चिप अशी घेतोय की जी १०, ५, २.५ आणि १ या चारही वेगांवर आपणहून जुळते. इंटेलच्या एक्स५४० सारख्या जुन्या कार्डांना मधले वेग माहीतच नव्हते, १० जमलं नाही की थेट १. तारजोड यांच्या भिंतीतल्या कॅट-५ई वर आमचं पोर्ट २.५ ला चालेल, स्टुडिओत तेच १० ला चालेल. दोन वेगवेगळी गिऱ्हाइकं एकाच छिद्रातून सांभाळता येतात. उष्णतेसाठी चिपला मागच्या पत्र्याला टेकणारा हीटसिंक लावतोय. बंद कपाटातली चाचणी उन्हाळ्यात करू.

तारजोड

चारही वेगांची चिप असेल तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा: मग ते वेगळं २.५ चं पोर्ट कशाला? एक लेन आणि एक चिप त्यात अडकली.

मागची पट्टी

खारा वारा यांच्यासाठी. एक पोर्ट जळलं तर डेटापर्यंत पोचायला दुसरं हवं, वेगळ्या चिपवरचं. एसएफपी+ देत नाही, पण रस्ता एकच ठेवणार नाही.

खारा वारा

वेगळी चिप असली तरी दोन्हींत तार लावून ठेवली तर दोन्ही जळतील. दुसऱ्या पोर्टावर "राखीव, रिकामं ठेवा" असं पत्र्यावरच छापा. स्टिकर नको, आमच्या हवेत तो सुटतो.

मार्चअखेर

छापताय तर यूपीएसच्या यूएसबीवर "यूपीएस" असंही छापा, आणि बाकी दोनांपेक्षा ते थोडं लांब ठेवा. आमच्याकडे बॅकअपची डिस्क काढताना यूपीएसची तार उपसली गेली आणि ती सुटलेली आहे हे पुढची वीज जाईपर्यंत कुणाला कळलं नाही. ती तार निघाली की नॅसने त्याच क्षणी ओरडलं पाहिजे.

संकलनकक्ष

थंडरबोल्ट नसेल तर मी हे मशीन घेईन की नाही, अजून सांगता येत नाही. अडॅप्टर लावून १० ला मल्टिकॅमचे तीन प्रवाह दोन टेबलांवर एकदम चालवून दाखवा. फुटेज माझं, मशीन तुमचं. चाललं तर पहिली ऑर्डर माझी.